अठरा पडूनही वश

नंदकुमार रणपिसे स्वतःची ओळख करून देण्याआधी घसा खाकरत असे. "चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या तिन्ही शहरांतला एकमेव मराठी गुप्तहेर," असं तो सांगायचा. ते खरंही होतं. दुसऱ्या कुणाला असं सांगायची लाज वाटली असती. आपली नजर घारीची आणि बुद्धी तलवारीच्या धारेची, असं त्याचं ठाम मत. पोटापाण्यासाठी मात्र तो इंडस्ट्रियल एरियातल्या नटबोल्टच्या कारखान्यात क्वालिटी बघायचा. आजवर त्याने तीन प्रकरणं हाताळली होती. पहिल्या दोन प्रकरणांतल्या हरवलेल्या वस्तू त्याच्याच खिशात सापडल्या. तिसरं प्रकरण म्हणजे शेजारच्या ढिल्लोंची मांजर. ती तपासाला कंटाळून आपणहून घरी आली.

वंदना त्याची बायको, म्हणजे आपोआपच सहायक. पगार नाही, रजा नाही.

सांगलीहून इकडे आल्यावर पहिली तीन वर्षं तिला मराठी बोलायला फक्त नंदकुमार मिळाला, आणि तो काही बोलू देत नसे. मग आश्लेषाचं टेबल सापडलं. मोहालीत आयटीत काम करणारी ही पोरगी दर रविवारी दुपारी सेक्टर सदुसष्टमधल्या फ्लॅटवर एका काल्पनिक राज्याचा खेळ मांडायची. राक्षस, जादू, किल्ले, सगळं तोंडी. कुणाचं काय झालं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. खेळ चालवायची आश्लेषा, आणि निवाडाही तीच करायची. वंदना त्या राज्यातली वैदूबाई. लष्करातला कॅप्टन शार्दूल हा दुर्गपाल वज्रबाहू, आणि आश्लेषाच्या ऑफिसातला ऋग्वेद चोर. रविवारच्या त्या चार तासांवर वंदना उरलेला आठवडा काढायची.

आणि तेच टेबल आता मोडायला आलं होतं.

झालं असं, की गेल्या रविवारी एका कर्नलसाहेबांच्या मिसेस, उर्मिला मॅडम, पाहुण्या म्हणून आल्या. आश्लेषाने त्यांना चेटकीण दिली. त्यांनी वज्रबाहूवर वशीकरणाचा मंत्र टाकला आणि म्हणाल्या, "किल्ल्याची चावी इकडे दे." नियम सोपा होता. ज्याच्यावर मंत्र पडला त्याने फासा टाकायचा. पंधरा किंवा वर पडले तर तो मोकळा. शार्दूलला पडले अठरा. ऋग्वेद टाळ्या वाजवतोय तोवर वज्रबाहूने चावी काढून चेटकिणीच्या हातात ठेवलीसुद्धा! दोन वर्षं राखलेला किल्ला गेला.

"मंत्र लागलाच नव्हता, यार! शुद्धीत फितुरी केली याने," ऋग्वेद भडकला. "फितुराला टेबलावरून उठवायचं हा आपलाच नियम आहे. तो बसणार असेल तर मी पक्का येणार नाही."

चावी का दिली ते शार्दूल काही केल्या सांगेना. दोघांपैकी कुणीही गेलं की खेळ बंद. आश्लेषाने निकाल पुढच्या रविवारवर ढकलला. वंदनाने आठवडाभर आमटीत मीठ दोनदा घातलं, आणि त्या काळजीत तिच्या हातून व्हायला नको ती चूक झाली. तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं.

रविवारी सगळे जमले, उर्मिला मॅडमही आल्या, आणि नंदकुमार कारखान्यातलं जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन हजर.

"कुणीही जागचं हलायचं नाही!"

"आम्ही बसलोच आहोत, काका," आश्लेषा म्हणाली.

नंदकुमारने फासा मोजला. "पाव मिलिमीटरचा फरक! माल रिजेक्ट. अठरा धरता येणार नाहीत. म्हणजे मंत्र लागला!"

"मग दोन वर्षांत पडलेले सगळेच आकडे रद्द," आश्लेषा म्हणाली. "त्या न्यायाने वंदनाताईंची वैदूबाई पहिल्याच महिन्यात मेली."

"हरकत नाही," नंदकुमार म्हणाला. वंदनाची हरकत होती, पण तिला कोण विचारतो?

मग त्याने नियमांची वही ओढली. "कलम चार. आज्ञा ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत हवी. मॅडम नागपूरच्या, कॅप्टन कोल्हापूरचे. एकमेकांचं बोलणं कळणं अशक्य! म्हणजे मंत्र लागलाच नाही."

"अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" वंदनाने विचारलं.

"सत्याच्या! कलम सात. जिवावर बेतेल अशी आज्ञा या मंत्राने पाळली जात नाही. किल्ला देणं जिवावरचंच. म्हणजे वज्रबाहूवर आधीपासून दुसराच मंत्र होता. टाकला कुणी? जो मघापासून सात समोसे खाऊन एक शब्द बोललेला नाही, त्याने!"

आठवा समोसा ऋग्वेदच्या घशात अडकला. त्याला असा ठसका लागला, की डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले.

"शार्दूल, पाणी दे त्याला," उर्मिला मॅडम म्हणाल्या. शार्दूल ताडकन उठला. "पंखा जरा कमी कर." केला. "आणि ती खिडकी..." वाक्य संपायच्या आत खिडकी उघडली होती, आणि शार्दूल तिच्याजवळ पाठ ताठ करून उभा होता. याच माणसाला मघाशी आश्लेषाने खुर्ची सरकवायला सांगितली, तर 'थांब गं' म्हणाला होता.

वंदना त्याच्याकडे बघतच राहिली.

"शार्दूल, मॅडमचे मिस्टर तुझे कोण लागतात रे?"

"माझ्या युनिटचे सीओ आहेत, ताई. म्हणजे सगळ्यांत वरचे साहेब."

"आणि मॅडमना तू शेवटचं 'नाही' कधी म्हणालास?"

"कुणीच म्हणत नाही, ताई. त्यांनी चावी मागितली आणि हात आपोआप पुढे गेला. फाशावर अठरा आहेत हे नंतर दिसलं."

"हेच मी म्हणणार होतो," नंदकुमार म्हणाला.

उर्मिला मॅडमचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे ऑफिसरांच्या बायकांच्या पार्टीत वीस वर्षं माझ्या अळूवडीला पहिलं बक्षीस मिळतंय, ते..." सगळे एकदम समोसे निरखू लागले. "खाजते ना रे घशाला?"

"येस, मॅम."

"की चांगली असते?"

"येस, मॅम."

आश्लेषाने वही मिटली. "ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याला शुद्धीत धरता येणार नाही. वज्रबाहू वश होता. फितूर नाही."

"मान्य," ऋग्वेद पाणी पीत म्हणाला. "पण हे उतरणार कसं? चेटकीण तर इथेच बसलीय."

"मी उतरवते," मॅडम म्हणाल्या. "शार्दूल, मला नाही म्हण."

"येस, मॅम."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मॅडमही हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "अरे, इथे तरी मला खरंखुरं हरू दे. मॅडम नको, उर्मिलाताई म्हण. चावी मी देणार नाही. हिंमत असेल तर लढून घे."

शार्दूल लालबुंद झाला. दोनदा तोंड उघडून मिटलं. अखेर त्याने फासा उचलला. "उर्मिला... ताई, किल्ला मी परत घेणार." आवाज अगदीच बारीक होता, पण निघाला. ऋग्वेदने खुर्ची त्याच्या शेजारी ओढून घेतली. वंदनाला भरून आलं. टेबल वाचलं होतं.

नंदकुमारने ऐटीत व्हर्नियर पेटीत ठेवलं. "आणखी एक प्रकरण निकालात! चल वंदना, घरी जाऊ. चहा टाक मस्तपैकी."

वंदना उठली, पर्स घेतली, चपलेत एक पाय घातलासुद्धा. मग तिच्या लक्षात आलं, की सगळं टेबल आपल्याकडेच बघतंय. आश्लेषाने न बोलता फासा तिच्यापुढे सरकवला.

"नाही," वंदना म्हणाली आणि परत खुर्चीत बसली. "तुम्ही ऑटोने जा."