अकरा नंबरवाली

बेसिनमधल्या भांड्यांच्या ढिगातून एक चमचा आपला आपणच घसरला आणि खण्णकन वाजला. तिनं श्वास रोखला. बाळ आत्ताच कुठे झोपलं होतं, थोरली चित्र रंगवता रंगवता जमिनीवरच आडवी झाली होती आणि घरात अशी शांतता होती की तिला हात लावायचीही भीती वाटावी. एक पाय उचललेला तसाच ठेवून ती उभी राहिली. बाळानं ओठ चुटूचुटू हलवले, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागलं. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दारावर कुणीतरी गुद्दा हाणला.

दारात भिंत उभी होती. गोलमध्ये उभी राहिली की तिच्यातून चेंडू पलीकडे जात नसे, म्हणून सगळे तिला भिंत म्हणत. अलीकडे बऱ्यापैकी जायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"हळू ठोठाव की गं!"

"हळूच ठोठावलं," भिंत म्हणाली. मग आत येऊन वाळलेल्या कपड्यांचा ढीग बाजूला सारून बसली आणि तिच्या मते कुजबुजत म्हणाली, "टीम बंद करतायत."

"कोण?"

"क्लबचा मॅनेजर. म्हणतो, तिसऱ्या श्रेणीतल्या बायकांची मॅच बघायला येतंय कोण? आणि खरंच आहे गं ते. गेल्या रविवारी स्टँडमध्ये माझी आई, पंचबाईंचा नवरा आणि एक कुत्रा होता. कुत्रा मध्यंतराला निघून गेला. हंगाम संपायच्या आत स्टँड भरून दाखवा म्हणाला, नाहीतर पुढच्या वर्षी टीम नाही."

तिच्या हातातलं झबलं घडी घालता घालता थांबलं. थोरली व्हायच्या आधी ती याच टीममध्ये डाव्या बगलेवर खेळायची. खेळ सोडला असं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. काही महिने थांबते म्हणाली होती. त्या काही महिन्यांत थोरली बोलायला लागली, पळायला लागली, आणि मग बाळ आलं. तरी मनात एक कोपरा तिनं झाडून-पुसून ठेवला होता : जाईन कधीतरी परत. पण परत जायचं, तर परत जायला टीम तरी जागेवर हवी.

भिंतीनं ते कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "तुझ्या बिल्डिंगमध्ये एवढे फुटबॉलवाले आहेत. बघ ना."

फुटबॉलवाले होते, पण चार वर्षांतून एकदा उगवणारे. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर त्यांतले मुख्य. जगज्जेतेपदाचे सामने आले की ते गॅलरीत एका परक्या देशाचा झेंडा लावत. तो देश हरला तेव्हा त्यांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला होता, आणि ठणकत्या दाढांनी रांगेत उभं राहून त्या देशाच्या गोलकीपरला शिव्या दिल्या होत्या. एवढा जीव टाकणारा माणूस, पण गल्लीच्या टोकाला असलेल्या मैदानात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तिनं त्यांना जिन्यात गाठलं.

"यायला काय हो, वहिनी," डॉक्टर म्हणाले, "पण रविवारी आमची दोन माकडं घरी असतात. त्यांना कुठे ठेवू?"

"माझ्याकडे ठेवा की!"

शब्द तोंडातून सुटला आणि डॉक्टरांनी तो वरच्या वर झेलला. "नक्की ना?" असं विचारत त्यांनी दोन पायऱ्या चढूनही टाकल्या. आपण नक्की काय बोललो, हे तिला भांडी घासताना उमगलं. तिचा नवरा बस चालवायचा आणि रविवारी त्याची हमखास ड्यूटी असायची. म्हणजे मॅच बघायला सगळ्यांना पाठवायचं आणि आपण घरी बसायचं. तिला हसू आलं. मग तिनं घासलेलंच भांडं पुन्हा घासलं.

त्या रविवारी दोन माकडं आली. पुढच्या रविवारी पार्लरवाली तिची जुळी घेऊन हजर. "ताई, डॉक्टर सांगत होते तुम्ही मुलं सांभाळता. मी पण जाऊ का मॅचला? किती दिवसांत एकटी कुठे गेले नाही हो." असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मग डॉक्टरांनी मनावरच घेतलं. पेशंट खुर्चीत आडवा, तोंड उघडं, तोंडात दोन हत्यारं. डॉक्टर वरून विचारायचे, "रविवारी मॅचला येणार ना?" पेशंट म्हणायचा, "आँ." डॉक्टर म्हणायचे, "शाब्बास! मुलं वहिनींकडे सोडा."

बघता बघता तिच्या दाराबाहेर चपलांचा डोंगर व्हायला लागला. एका बाईनं मुलीबरोबर आपले वडीलही आणून बसवले. "त्रास काही नाही हो यांचा. गुपचूप बसतात." आजोबा गुपचूप बसले, कारण आल्या आल्या त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

मैदान स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं, पण दिसायचं म्हणजे स्टँडची पाठ आणि कोपऱ्यातलं एक निशाण. कुणी चेंडू फारच वर मारला, तर तो क्षणभर आभाळात दिसायचा आणि पुन्हा खाली कुठेतरी नाहीसा व्हायचा. तेवढ्यासाठी ती ओट्याशी उभी राहायची. आता स्टँडमध्ये माणसं असल्यामुळे आवाजही यायचा. एकदा मोठा "ओऽऽऽ" झाला आणि घरातली धिंगाणा घालणारी सगळी मुलं दचकून थांबली.

"काकू, काय झालं?"

"चेंडू खांबाला लागला," ती म्हणाली. कशावरून, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण त्या आवाजाला शेवटी जो उतार होता तो खांबाचाच होता.

"मग?"

सगळी तोंडं तिच्याकडे वळलेली. बाळ कडेवर. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "मग काय, परत आलेला चेंडू घेतला ना अकरा नंबरवालीनं."

"ती कोण?"

"डावीकडून पळते ती. रेषेच्या अगदी कडेनं. तिथलं गवत गेलंय, चेंडू तिथे जरा जास्तच घरंगळतो, ते तिला माहीत आहे. समोरून एक आली. अकरा नंबरवाली थांबली. अशी. समोरचीला वाटलं, आता आत वळणार. आणि ही बाहेरून!"

बोलता बोलता तिनं एक गोळा केलेला मोजा पायानं अडवला, खांदा आत पाडला आणि बाहेरून काढला. बाळ कडेवर खदखदून हसलं. मुलं टेबलाखालून, पलंगावरून बाहेर आली. डॉक्टरांचं धाकटं माकड पडद्याला लोंबकळत होतं, ते आपणहून उतरलं. नव्वद मिनिटं कशी गेली कुणाला कळलं नाही. अकरा नंबरवालीनं एक गोल केला, एक करवला, एकदा चिखलात पडली आणि हसत उठली. आजोबांनी मध्येच यंत्र कानात घालून विचारलं, "किती झाले?" आणि उत्तर ऐकून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मुलं न्यायला आलेले डॉक्टर फार रंगात होते. "वहिनी, तुम्हाला ऑफसाइड म्हणजे काय ते कळायचं नाही, थांबा, सोपं करून सांगतो," म्हणत त्यांनी तिच्याच बशीतली बिस्किटं टेबलावर मांडली. ती ऐकत राहिली. त्यांनी शेवटचा बचावपटू चुकीच्या जागी ठेवला होता. तिनं तो हळूच उचलून बाळाच्या हातात दिला.

"एकदा मैदानावर या हो," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "घरात बसून ती मजा नाही."

"हो," ती म्हणाली. "नाहीच."

खरा घोटाळा घरोघरी झाला. मुलांनी रात्री जेवताना अकरा नंबरवालीचा गोल वर्णन करून सांगितला. आईबापांनी तो पाहिला नव्हता, कारण तो झालाच नव्हता. पण नव्यानं शौकीन झालेल्या माणसाला 'माझ्या लक्षात आलं नाही' असं म्हणणं फार जड जातं. पार्लरवालीला वाटलं, आपण शेंगदाणे घ्यायला गेलो तेव्हा झाला असणार. डॉक्टर तर ताडकन म्हणाले, "अकरा नंबर ना? काय पळते! डोळ्यांत भरते नुसती!" दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच दवाखान्यात सांगितलं. पेशंट म्हणाले, "आँ."

पुढच्या रविवारी आणखी नवे पेशंटही मैदानात आले. त्यांना कुणी दिसली नाही, पण शेजारचा मान डोलावत होता म्हणून त्यांनीही डोलावली. डॉक्टरांनी दुर्बीण आणली. इकडे स्वयंपाकघरात अकरा नंबरवाली दर रविवारी नवं काहीतरी करत होती, आणि ते सोमवारपर्यंत गावभर होत होतं. रस्त्यात भिंत भेटली तेव्हा तिनं विचारलं, "अगं, लोक मला विचारतात, ती डावीकडची आज का नाही. आमची डावीकडची तर तिथेच असते. ती नवखी पोरगी, पाठीवर सोळा आहे. काय भानगड आहे ही?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली आणि बाबागाडी उगाचच दुसऱ्या गल्लीत वळवली.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी मुलांनी बंड केलं. "आम्हाला अकरा नंबरवाली बघायचीय! घरात नाही बसणार!" चपला घालून सगळी दारात उभी राहिली. आजोबाही यंत्र कानात घालून उभे राहिले. तिच्या पायांनी मनाची वाट पाहिली नाही. बाळाला पोटाशी बांधलं, थोरलीचा हात धरला आणि वरात निघाली.

मैदानात शिरताच ओल्या गवताचा वास नाकात गेला आणि तिला क्षणभर पुढचं काही दिसेना. दिसलं तेव्हा तिनं पाहिलं, स्टँड गच्च भरलंय. क्लबचा मॅनेजर माणसं कुठे बसवायची या विवंचनेत धावत होता. ही सगळी तिनं जमवलेली. आणि कशासाठी जमलेली, ते तिला लगेच कळलं, कारण डॉक्टर दुर्बीण फिरवून ओरडले, "अकरा कुठाय?" मागून पार्लरवालीनं साथ दिली. मग सगळं स्टँड पाय आपटत म्हणायला लागलं, "अकरा! अकरा! अकरा!"

मैदानावरच्या बायका खेळायचं थांबून एकमेकींच्या पाठी वाचायला लागल्या. सोळा नंबरची पोरगी रडवेली झाली. लांब गोलमध्ये उभ्या असलेल्या भिंतीनं मात्र स्टँडवरून हळूहळू नजर फिरवली. ती नजर येऊन नेमकी एका जागी थांबली. इकडे तिनं बाळाच्या टोपीमागे तोंड लपवलं.

"दुखापत आहे तिला," डॉक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आतली बातमी आहे माझ्याकडे."

बातमी पक्की करायला म्हणून ते स्वतःच कोचबाईंकडे गेले. परत आले ते चेहऱ्यावर वेगळेच भाव घेऊन. "दुखापत नाही, वहिनी! कोचबाई म्हणतात, अकरा नंबरचा शर्ट ती गोलकीपर कुणाला घालूच देत नाही. कितीतरी दिवसांपासून. म्हणते, राखून ठेवलाय."

बाळाच्या टोपीच्या काठाला तिची बोटं घट्ट बसली होती.

"म्हणजे परत येणार ती!" पार्लरवाली म्हणाली. "मग तर येईपर्यंत आपण दर रविवारी यायचं. काय हो डॉक्टर?"

"यायचं म्हणजे? विचारायची गोष्ट आहे?"

खेळ पुन्हा सुरू झाला. खरं सांगायचं तर फारच रटाळ खेळ होता. कुणी पाचजणींना चकवलं नाही, खांबालाही चेंडू लागला नाही. भिंतीनं मात्र एक जोरदार फटका पोटावर घेतला आणि अंगाची घडी होऊन चेंडूसकट खाली बसली. स्टँड उभं राहिलं. मॅनेजर टाळ्या वाजवत लोकांना सांगत सुटला, "पुढच्या वर्षीही या हं, पुढच्या वर्षी!" आजोबांनी विचारलं, "किती झाले?" आणि शून्य-शून्य ऐकूनही टाळ्या वाजवल्या.

ती डाव्या बाजूच्या रेषेकडे पाहत होती. तिथलं गवत अजून तसंच गेलेलं होतं. सोळा नंबरची पोरगी आत वळत होती, दर वेळी आतच, आणि इकडे बाकाखाली तिचा स्वतःचा डावा पाय दर वेळी बाहेरून निघत होता.

थोरलीनं तो पाय पाहिला. मग मैदानाकडे पाहिलं. मग तिची ओढणी ओढून विचारलं,

"आई, ती परत कधी खेळणार गं?"