प्रमिलाबाईंना न दिसलेली बिबटीण

माणसाला जंगलाची ओढ उपजतच असते. फक्त ती नीट वाढीला लागण्यासाठी गाडी लावायला जागा, बसायला बाक आणि नाश्त्याची सोय लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली एक खाजगी वनवाटिका चलथाणच्या पुढे उसाच्या पट्ट्यात उघडली आहे हे कळलं, आणि सुरतेतल्या भेस्तानमध्ये राहणाऱ्या आम्हा खान्देशी मंडळींची ओढ खडबडून जागी झाली. तिच्यातून दोन वर्षांपूर्वी आमचं ‘वनमित्र पदभ्रमण मंडळ’ जन्माला आलं. मी या मंडळाचा चिटणीस. पुढचा मजकूर इतिवृत्ताच्या वहीवरून लिहीत असल्यामुळे त्यात चूक असण्याची शक्यता नाही (वही मीच लिहितो). वहीत नसलेल्या दोन-तीन गोष्टीही ओघात येतील, त्यांची जबाबदारी मंडळावर नाही.

आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील शिरपूर-साक्रीकडून सुरतेला आले ते पायवाटा, काटे आणि जनावरं यांना कंटाळून. त्याच पायवाटा आम्ही आता रविवारी खास बूट घालून तुडवतो. एका पिढीत एवढी प्रगती फार थोड्या समाजांनी केली असेल.

अध्यक्ष हेमराजभाऊ. त्यांची एम्ब्रॉयडरीची चौदा मशिनं आहेत आणि पदभ्रमणाला ते लष्करी ठिपक्यांचे कपडे घालतात. त्यामुळे प्राण्यांना ते दिसत नाहीत, आणि आजवरच्या अनुभवानुसार त्यांनाही प्राणी दिसत नाहीत. शास्त्रीय सल्लागार पंडित सर. ते दहावीचे गणिताचे क्लास घेतात, पण पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक मंडळात फक्त त्यांच्याकडेच असल्यामुळे निवड बिनविरोध झाली. छायाचित्रण प्रमुख जयश्रीताई. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी कोपरापासून मनगटापर्यंत भरते, आणि तिच्यातून त्यांनी आजवर मंडळाच्या सभासदांचे सुमारे नऊ हजार फोटो काढले आहेत.

दोन वर्षांत शहाऐंशी पदभ्रमणं झाली. त्यांतल्या वन्यजीव नोंदी अशा: खार, तीनशे बारा (ती एकच असावी असं पंडित सरांचं खाजगी मत आहे). मोराची केका, चार वेळा (त्यांतली एक फोनची रिंग). मुंगूस, अर्धं, मागच्या बाजूचं. साप, एक; दुसऱ्या रविवारी तो पाण्याचा पाइप निघाला, पण नोंद एकदा झाली की झाली.

वाटिकेच्या दारात सूचना-वही आहे. आमचं मंडळ नियमित येणारं असल्यामुळे आमच्या सूचनांना तिथे वजन आहे. वाटेवर किडे फार येतात, अशी सूचना केली. औषध फवारलं गेलं. झुडपांमुळे प्राणी दिसत नाहीत, असं लिहिलं. झुडपं कापली गेली. पुढे प्राणी अजिबातच दिसेनात, तेव्हा प्लायवूडची दोन हरणं रंगवून उभी केली गेली. ती खरोखर सुबक आहेत आणि जवळ गेलं तरी पळत नाहीत. सर्वांत गाजली ती पंडित सरांची सूचना: वाटेवर झाडांची पानं पडलेली असतात, त्यांच्या आवाजाने जंगलाच्या शांततेचा भंग होतो. यावर उपाय म्हणून दर सकाळी वाट झाडायला एक बाई ठेवण्यात आल्या. त्या प्रमिलाबाई.

प्रमिलाबाई चलथाणला राहतात. वय पन्नाशीचं. वीस वर्षं ऊसतोडीला गेल्या, मग गुडघ्यांनी नकार दिला. सकाळी सहाला त्या झाडायला सुरुवात करत आणि साडेसातला आम्ही पोचेपर्यंत दीड किलोमीटरचं जंगल देवघरासारखं स्वच्छ असे. तोवर त्यांनी मंडळाला काही सांगायचा प्रसंग आला नव्हता. तो गेल्या डिसेंबरात आला.

त्या रविवारी त्या झाडू घेऊन दारातच उभ्या होत्या.

“भाऊ,” त्या हेमराजभाऊंना म्हणाल्या, “तिसरा वळणवर बिबटीण बठेल व्हती. दोन पिल्ले शेतस. उसनी तोड चालू शे ना, म्हनीसन ती आठे उनी. पंधरा दिन तिकडे जाऊ नका. ती सोता पिल्ले लई जाई.”

इथे खुलासा करायला हवा की आम्ही सगळे घरी अहिराणीच बोलतो. परंतु मंडळाचं कामकाज प्रमाण मराठीत चालतं. त्यामुळे बाईंचं म्हणणं वहीसाठी शुद्ध मराठीत आणावं लागलं, आणि त्यात साधारण अर्धी बिबटीण गळाली.

चौकशी जागच्या जागी झाली. पंडित सरांनी निरीक्षण-फॉर्म काढला.

“शिक्षण?”

“चौथी.”

“दुर्बीण कोणत्या कंपनीची?”

बाईंनी झाडूकडे पाहिलं.

“बरं, अंतर किती होतं?”

“आठेथीन त्या बाकलगून.” म्हणजे पंधरा पावलं. पंडित सर हसले. पंधरा पावलांवर बिबट्या असता तर तुम्ही इथे उभ्या असता का, असं त्यांनी विचारलं. हा तर्क बिनतोड होता.

“मी कसाले खोटं बोलसू?” बाई म्हणाल्या. “तिनी मन्हाकडे दखं, मी तिनाकडे दखं. मी मांगे मांगे सरकनू. उसमा कैक येळा अशी भेट व्हयेल शे.”

आता मंडळाची अडचणही समजून घेतली पाहिजे. पुढच्या पंधरवड्यात आमचं वार्षिक ‘मौन पदभ्रमण’ होतं. हिरवे टी-शर्ट छापून झाले होते. पाहुणे बोलावले होते. बिबट्याची नोंद केली असती तर वाटिका बंद ठेवावी लागली असती, आणि निसर्गप्रेमाचा एवढा मोठा कार्यक्रम एका जनावरापायी रद्द करणं कुणालाच पटेना. शिवाय सभासद नसलेल्या व्यक्तीला वन्यजीव दिसू शकतो की नाही, याबद्दल मंडळाची घटना मूक आहे. शेवटी हेमराजभाऊंनी मधला मार्ग काढला. मी वहीत लिहिलं: ‘मोठं मांजर, एक, अपुष्ट. स्रोत: झाडणाऱ्या बाई.’ आणि अफवा पसरवू नयेत, अशी समज बाईंना प्रेमाने देण्यात आली.

दुसऱ्या दिवसापासून प्रमिलाबाई दुसऱ्या वळणापर्यंतच झाडू लागल्या. पुढच्या रविवारी तिसऱ्या वळणाआधीच पायांखाली पानं वाजू लागली. पुढे जाणं कोणालाच रुचेना. आम्ही तिथूनच परतलो आणि सूचना-वहीत रीतसर तक्रार लिहिली. मॅनेजरने बाईंना आमच्यासमोरच बोलावलं.

“बेन, काम करवुं होय तो पूरुं करो,” तो म्हणाला. “नईं तो कालथी नईं आवता.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आमच्यातल्या कुणीतरी काहीतरी बोलेल अशी त्यांची समजूत असावी. मी त्या वेळी बुटाची नाडी बांधत होतो (ती सुटली नव्हती).

सोमवारपासून त्या पूर्ण वाट झाडू लागल्या, पण कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधून. दहा हात झाडलं की डबा वाजवायचा, मग पुढे. हे आम्हाला मॅनेजरकडून कळलं. पंडित सरांना वाईट वाटलं. डब्याच्या आवाजाने पक्ष्यांवर मानसिक ताण येतो, असं त्यांनी सूचना-वहीत लिहिलं.

मौन पदभ्रमणाचा रविवार उजाडला. एकेचाळीस सभासद, सगळे हिरव्या टी-शर्टात. पाठीवर ‘शांतता हाच निसर्गाचा आवाज’. हेमराजभाऊंनी माइकवरून मौनाचं महत्त्व पंचवीस मिनिटं सांगितलं, आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे प्रमिलाबाई वाट अडवून उभ्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्यात काठी.

“आज नका जाऊ, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “ती आठेच शे. मी सकायमाच दखं.”

हेमराजभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं आणि टी-शर्टाची पाठ त्यांना वाचायला दाखवली. मग ते बाजूने पुढे गेले. त्यांच्यामागून आम्ही सगळे गेलो. मीही गेलो. जाताना बाईंचा पदर माझ्या पिशवीत अडकला, तो त्यांनीच सोडवून दिला.

वळण घेतल्यावर उजव्या हाताला, कापायच्या राहिलेल्या एकुलत्या एका करवंदीच्या जाळीखाली जयश्रीताईंना काहीतरी दिसलं.

“अय्या, केवढं गोड पिल्लू!” एवढं बोलून त्यांनी मौन सोडलं आणि कॅमेरा डोळ्याला लावून त्या जाळीकडे सरकू लागल्या. आठ पावलं, पाच पावलं. पिल्लू मांजराएवढं होतं आणि फिसकारत होतं. जयश्रीताई गुडघ्यावर बसल्या.

पलीकडच्या उसातून बिबटीण आली. आवाज झाला नाही. तिथली पानं झाडलेली होती. ती वाटेवर आली आणि थांबली. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

त्यानंतरची पन्नासेक सेकंदं मी सांगू शकतो. इतर चाळीसजण सांगू शकत नाहीत, कारण ते थांबले नाहीत. माझ्या पिशवीचा पट्टा बाकाच्या लोखंडी पट्टीत अडकला होता, एवढंच माझ्या थांबण्याचं कारण.

प्रमिलाबाई आमच्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी जयश्रीताईंच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं आणि स्वतः मध्ये उभ्या राहिल्या. डबा वाजवायला सुरुवात केली. “पळू नका!” त्या ओरडत होत्या. “मांगे मांगे सरका! पळू नका!”

सगळे पळाले. सर्वांत पुढे लष्करी ठिपक्यांची विजार होती. जयश्रीताईंच्या मागोमाग जाळीकडे सरकलेल्यांच्या परतीच्या वाटेतच बाई उभ्या होत्या; त्यांना पहिला धक्का पंडित सरांचा लागला, दुसरा कोणाचा ते कळलं नाही, आणि त्या पडल्या. मग त्यांच्या उजव्या हातावरून बरेच बूट गेले. चांगल्या कंपनीचे, पकड घेणारे बूट. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. झाडलेल्या जंगलात फार स्वच्छ ऐकू येतं.

बाई ओरडल्या नाहीत. पडल्या जागेवरून डाव्या हाताने डबा वाजवत राहिल्या. एका लयीत, तव्यावर उलथणं आपटावं तसा. बिबटीण दात दाखवून दोन पावलं पुढे आली, थबकली. मग तिने पिल्लाला मानेशी धरलं आणि ती उसात गेली. थोड्या वेळाने परत येऊन दुसरंही घेऊन गेली. मी पट्टा सोडवण्याचा प्रयत्न तोपर्यंत बंद केला होता.

मग बाईंनी डबा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, “बठा जरासं, भाऊ.”

त्यांच्या हाताला ओढणीची झोळी बांधली ती मॅनेजरच्या ऑफिसातल्या पोरीने. आमचे सभासद तेव्हा तीन ठिकाणी होते: प्रसाधनगृहात एकोणीस, गाड्यांमध्ये चौदा, उरलेले नाश्त्याच्या शेडमध्ये. नाश्त्याचा सुरती लोचो गरम होता. त्याच शेडमध्ये तातडीची सभा झाली आणि पुढील ठराव एकमताने संमत झाले. मंडळाच्या एकेचाळीस सभासदांनी बिबट्या शांतपणे व एकत्रितपणे पाहिला (आजारपणामुळे घरी राहिलेल्या तिघांची नावंही त्यात घालावीत). प्रथम दर्शनाचा मान अध्यक्षांचा. अध्यक्षांच्या प्रसंगावधानामुळे जीवितहानी टळली. एका कर्मचाऱ्याने पत्र्याचा डबा वाजवून वन्यप्राण्याच्या नैसर्गिक वर्तनात अडथळा आणला, त्याबद्दल मंडळ खेद व्यक्त करतं.

शेवटचा ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर चांगलं आलं आहे.

एक पेच उरला. प्रथम दर्शनाचा मान अध्यक्षांना द्यायचा, तर दोन आठवड्यांपूर्वीची ‘मोठं मांजर, अपुष्ट’ ही नोंद आड येत होती. त्या दिवशी आपल्याला काहीही दिसलं नव्हतं, असं बाईंकडून लिहून आणण्याची जबाबदारी चिटणीसांवर सोपवण्यात आली.

मी बुधवारी चलथाणला गेलो. एका खोलीचं घर. प्रमिलाबाई खाटेवर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. एका हाताने झाडता येत नाही म्हणून मॅनेजरने त्यांना येऊ नका असं कळवलं होतं. त्यांनी मला पाण्याचा तांब्या डाव्या हाताने दिला. तो थोडा सांडला, तर त्याच ओशाळल्या.

मी कागद वाचून दाखवला. ‘मला बिबट्या दिसला नव्हता. माझा गैरसमज झाला होता.’ मी वाट पाहत होतो की त्या चिडतील, कागद फेकतील. तसं झालं असतं तर मी तो न घेता परत आलो असतो, अशी माझी अजूनही समजूत आहे.

“तुमनामा कोनले लागनं तं नही ना, भाऊ?” त्यांनी विचारलं.

“नही,” मी म्हणालो. इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोललो होतो. “कोनलेच नही.”

“बरं व्हयनं,” त्या म्हणाल्या, आणि डावा अंगठा पुढे केला. शाईची डबी मी नेली होतीच.

ही हकीकत मी आजवर सहा जणांना सांगितली. सगळ्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकली, मान हलवली, एकदोघांचे डोळेही ओलावले, आणि मग प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. तुम्हीही विचारणार, म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवतो. हो, पिल्लाचा फोटो आहे. जयश्रीताईंचाच. थोडा हलला आहे, पण डोळे सुरेख आलेत. कडेला कुणाचा तरी बांगड्यांचा हात आला होता, तो कापून टाकलाय. नंबर द्या, पाठवतो.