क्रमांक कुठलाही दाबा, राजकुमारच!

यंदाच्या वधू-वर मेळाव्यात कागदाचा कपटाही लागणार नाही, असं राजकुमारनं आधीच छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. बजाजनगरच्या बुद्धविहारात भरणाऱ्या या मेळाव्याची दरवर्षी जाडजूड परिचय-पुस्तिका छापली जायची. तिच्यात कुणाचा तरी फोटो भलत्याच पानावर जायचा आणि त्यावरून वर्षभर रुसवेफुगवे चालायचे. राजकुमार वाळूजच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. त्यानं सरळ वेबसाइटच करून टाकली! उमेदवाराचा क्रमांक टाका, 'बायोडाटा' दाबा, की फोटोसकट पान जागच्या जागी तयार होऊन फोनवर हजर. अध्यक्ष कचरूकाकांना हे प्रकरण काही पटलं नव्हतं, पण पोराचा उत्साह बघून त्यांनी छापखान्याला नाही म्हणून कळवलं.

या उत्साहाचं खरं नाव करुणा. ती त्याच्याच कंपनीत मालाची तपासणी करायची, आणि दोघांचं केव्हाच जमलं होतं. अडचण एकच, तिची आई. सत्यभामाबाईंना स्वतः पारखून घेतल्याशिवाय काही पसंत पडत नसे, मग ती मेथीची जुडी असो की जावई. तेव्हा मेळाव्यात त्यांनीच राजकुमारला 'शोधून' काढायचं, असा बेत ठरला. करुणानं फक्त शेजारी बसून साळसूद चेहरा ठेवायचा होता.

मेळावा सुरू झाला. वंदना झाली, स्वागत झालं आणि राजकुमार माईकपाशी गेला. वापर कसा करायचा ते दाखवतो म्हणाला आणि नमुना म्हणून बारा क्रमांक उघडायला सांगितला. बारा क्रमांक अर्थातच त्याचा स्वतःचा! सगळं सभागृह एकदम फोनवर वाकलं आणि राजकुमारचा चेहरा घरोघरी पोहोचला. एका फटक्यात एवढी प्रसिद्धी! मंचावरून उतरताना मात्र त्याला एक गोष्ट आठवली. चाचणी करताना 'जोडीदाराबद्दल अपेक्षा' या रकान्यात त्यानं घाईघाईत 'काहीही चालेल' असं लिहून ठेवलं होतं, आणि ते बदलायचं राहूनच गेलं होतं.

त्यानं लॅपटॉप उघडून तिथं समंजस, सुशिक्षित, स्वतःच्या पायावर उभी असलेली वगैरे छानसं वाक्य घातलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

तेवढ्यात कन्नडहून आलेले कडुबा फोन नाचवत आले. त्यांना मुलासाठी सून बघायची होती. एका मुलीचा क्रमांक दाबला, तर मिशीवाला राजकुमार. दुसरीचा दाबला, तर तोच.

"बाबा," कडुबा गंभीरपणे म्हणाले, "तू एवढ्या ठिकाणी नाव कामून लावलं? बाकीच्या लेकरांनी काय करावं?"

राजकुमारला घाम फुटला. पाठोपाठ दुसरे आले, तिसरे आले, मग रांगच लागली! घरी तर सगळं झकास चाललं होतं. पण घरच्या लॅपटॉपला त्यानं कामाच्या सोयीसाठी काही साठवायचंच नाही असं बजावून ठेवलं होतं. इथल्या फोनांना कोण बजावणार? उलट विहारातलं नेट रडतखडत चालतं म्हणून त्यानं स्वतःच एक हुशारी केली होती. एकदा आलेली फाइल ब्राउझरनं दिवसभर जपून ठेवावी, पुन्हा मागायला येऊ नये, अशी सोय केली होती. आणि क्रमांक कुठलाही असला तरी तयार होणाऱ्या फाइलचं नाव आणि पत्ता मात्र एकच! डब्यात भाजी शिल्लक असताना मंडईत कोण जातं? ब्राउझर जुनंच वाढत होता.

त्यानं ती सोय काढून टाकली आणि आता बघा म्हणून माईकवरून जाहीर केलं. लोकांनी बघितलं. राजकुमारच! फोन सर्व्हरकडे विचारायलाच येत नव्हते, मग त्यांना बदल कळणार कसा? गोंधळ वाढला. कुणी म्हणालं, यानं मुद्दाम केलंय. कचरूकाकांनी माईक हिसकावला आणि राजकुमारला स्वतःचं नाव आधी काढायला लावलं. घाबरून त्यानं आपला अख्खा बायोडाटाच पुसून टाकला, तरी फोनांवर तो आपला हसतोच आहे!

करुणानं सकाळीच सगळ्यांबरोबर बारा क्रमांक उघडला होता, सत्यभामाबाई मात्र उशिरा आल्या होत्या. त्या लेकीच्या फोनवर एकेक क्रमांक दाबायला लावत होत्या, आणि दर वेळी तोच फोटो बघून करुणा मुद्दाम भलतं दाबते म्हणून तिच्यावर डाफरत होत्या. आई, खरंच मी काही करत नाय, असं ती काकुळतीला येऊन सांगत होती. बिचारी पहिल्यांदाच खरं बोलत होती!

शेवटी राजकुमारच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं प्रत्येक फाइलला तिचा वेगळा पत्ता दिला आणि साइट बंद करून पुन्हा उघडायला सांगितली. नव्या पत्त्याचं जुनं काही साठवलेलंच नव्हतं, त्यामुळे फोनांना झक मारत विचारायला यावं लागलं. मुलं आली, मुली आल्या, सभागृहात टाळ्या पडल्या. राजकुमार आनंदानं उडायचाच बाकी होता, तेवढ्यात सत्यभामाबाई समोर उभ्या राहिल्या.

"पोरगं गडबड्या आहे, पण पळून गेलं नाय," त्या कचरूकाकांना म्हणाल्या. "याचा क्रमांक सांगा. मला नीट वाचायचंय."

काकांनी मोठ्या खुशीत बारा क्रमांक दाबला. पडद्यावर उत्तर आलं, असा उमेदवार नाही.

"सकाळपासून नको तिथं हा," सत्यभामाबाई म्हणाल्या, "आणि पाहिजे तर गायब?"

 राजकुमारनं आपलं सगळं लग्न स्वतःच्या बोटानं पुसलं होतं! करुणा मात्र लगबगीनं पुढं आली. तिनं साइट बंदच केली नव्हती. तिच्या फोनवर सकाळचं पान जसंच्या तसं होतं. राजकुमारला त्या ब्राउझरला मिठी मारावीशी वाटली.

सत्यभामाबाईंनी चष्मा लावला. शिक्षण वाचलं, मान हलली. नोकरी वाचली, मान हलली. मग त्या शेवटच्या रकान्याशी थांबल्या, आणि त्याच वेळी राजकुमारला आठवलं की हे पान सकाळचं आहे. करुणानं आईच्या खांद्यावरून वाचलं आणि हळूच त्याच्याकडे बघितलं. ती नजर कुठल्याही सर्व्हरवरून पुसली जाणार नव्हती.

"काहीही चालंल म्हणतोस," सत्यभामाबाई चष्मा काढत म्हणाल्या. "मग सासू म्हणून मी पण चालंल."

राजकुमारनं खाली मान घालून हो म्हटलं, आणि मागं कचरूकाकांनी पुढच्या वर्षासाठी छापखान्याला फोन लावला.