शोधक : धनाजी बामा म्हात्रे

आमच्या इमारतीत मूल जन्माला आलं की नाव ठेवण्याआधी म्हात्रेकाकांना विचारावं लागतं. तशी सक्ती नाही. पण न विचारता ठेवलं, तर बारशाला पाळण्यापाशी उभे राहून ते मोठ्यानं जाहीर करतात, "प्रायर आर्ट!" मागे दुसऱ्या मजल्यावरच्या कदमवहिनींनी नातवाचं नाव रियांश ठेवलं. आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि काका घुगऱ्या चघळत म्हणाले, "एक रियांश चौथ्या माल्यावर हाय, एक समोरच्या चालीत. यात नवं काय हाय?" कदमवहिनी अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत.

प्रायर आर्ट म्हणजे जगात आधीच असलेली गोष्ट. पेटंट मागायला गेलं की परीक्षक मुख्य तीन प्रश्न विचारतो: हे नवं आहे का, कुणालाही सहज सुचेल असं तर नाही ना, आणि याचा उपयोग काय. काका आयुष्यात ही परीक्षा तीनदा पास झाले आणि तेव्हापासून तेच परीक्षक होऊन बसले आहेत. मी एकदा वांग्याच्या भाजीत तीळकूट घातलं, केवढ्या अभिमानानं वाटी नेऊन दिली. चाखून म्हणाले, "चांगली हाय. पन सहज सुचन्यासारखी."

काका मूळचे इथलेच, नवी मुंबईतल्या बोनकोडे गावचे. बापजाद्यांची भातशेती होती, तिथं आता सेक्टर आहेत. स्वतः शिकून इंजिनीयर झाले, औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावातल्याच आपल्या चार मजली घराच्या तळमजल्यावर राहतात. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. मुलगी खारघरला विसाव्या मजल्यावर असते. ती राहायला बोलावते, पण "तितून मावरंवाली दिसत नाय" या कारणावरून काका जात नाहीत. मावरंवाली म्हणजे मासे विकणारी. वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू.

मी पहिल्यांदा खोली बघायला आले तेव्हा त्यांनी खोलीआधी आपली भिंत दाखवली. मधोमध एकवीरा आई, एका बाजूला त्यांच्या आईवडिलांचे फोटो, दुसऱ्या बाजूला तीन पेटंटं, काचेच्या फ्रेमीत. सगळ्यांनाच रोज हार. मालक म्हणून तिन्हींवर कंपनीचं नाव, पण खाली एक ओळ होती आणि काका तीवर बोट ठेवून मला वाचायला लावत होते: शोधक, धनाजी बामा म्हात्रे.

"बामा कोन?" त्यांनीच विचारलं. "माजा बाप. अंगठा लावायचा. त्याचं नाव बग कुटं जाऊन बसलंय."

मी घर तिथंच पक्कं केलं. खोली नंतर बघितली.

पहिलं पेटंट पाइपाचं. जमिनीखालचा पाइप फुटला तर न खणता तो आतून कसा दुरुस्त करायचा, त्याचं. चिकट रसायनात भिजवलेली जाड कापडाची नळी जुन्या पाइपात सारायची, तिच्यात हवा भरून ती फुगवायची, ती आतल्या बाजूला घट्ट चिकटून कडक होते. जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप. आमच्या इमारतीच्या मोरीचा पाइप गळायला लागला आणि प्लंबर छन्नी-हातोडा घेऊन आला, तेव्हा काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "भिंतीला हात लावायचा नाय!" मग त्यांनी स्वतः नळी शिवली, भिजवली, गच्चीतून सोडली आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. हवा जरा जास्त झाली. दुसऱ्या मजल्यावर कदमवहिनी भांडी घासत होत्या, आणि त्यांच्या सिंकच्या भोकातून एक पिवळी ओली जीभ हळूहळू बाहेर आली. त्यांची किंकाळी आम्ही गच्चीत ऐकली. पाइप मात्र त्या दिवसापासून गळलेला नाही, हे वहिनींनाही मान्य करावं लागतं.

दुसरं पेटंट आवाजाचं. माणूस फोनवर बोलतो तेव्हा त्याचा सगळा आवाज जसाच्या तसा पाठवायचा नसतो. त्यातलं नेमकं तेवढं उचलून पाठवायचं आणि पलीकडे पुन्हा आवाज उभा करायचा. या कामानं काकांना एक वाईट खोड लागली. समोरचा बोलायला लागला की ते डोळे मिटतात आणि शेवटी निकाल देतात. एकदा मी ऑफिसातून तणतणत आले आणि जिन्यात उभी राहून त्यांना सगळी कहाणी ऐकवली. आमचं ऑफिस बेलापूरला, आणि आमचे साहेब म्हणजे साहेबच. काकांनी डोळे उघडले. "बाय, एवडी बोललीस. पन लायनीवर पाठवायला शब्द दोनच. 'सायेब येडा.'"

राग आला होता, पण हसूही आलं.

तिसरं पेटंट सगळ्यात अवघड. कॅमेऱ्यासमोर एखादी वस्तू हलत असते, मध्येच भिंतीआड, खांबाआड जाते. तेव्हा ती हरवली असं मानायचं नाही. तिचा वेग, तिची दिशा बघून ती कुठून बाहेर येईल याचा अंदाज बांधायचा. काका हे मावरंवालीवर रोज करून दाखवतात. ती शाळेच्या भिंतीमागे गेली की बाकीच्या बायका पिशव्या घेऊन तिच्या मागे धावतात. काका निवांत गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी जाऊन उभे राहतात आणि पहिला पापलेट त्यांचा.

"दिसत नाय म्हंजे नाय, असं नसतं," ते म्हणतात. "योग्य जागी थांबता आलं पायजे."

आता अण्णांबद्दल सांगते, कारण काकांचं माझ्यावर जे ऋण आहे ते तिथलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. हातात माइक, डोक्याला फेटा, आणि आवाज असा की मैदानाबाहेरच्या चहावाल्याला कुस्ती न बघता कळायची. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. मी त्यांना बोनकोड्याला घेऊन आले. त्यांच्या तोंडून फक्त 'आ' निघायचा. कळायचं त्यांना सगळं, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द येत नव्हता.

वाचा सुधारण्यासाठी एक बाई यायच्या. चांगल्या होत्या, मायाळू होत्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या: सफरचंद, मांजर, छत्री. अण्णांनी काही दिवस प्रयत्न केला. मग सफरचंद दिसलं की भिंतीकडे तोंड करायला लागले. मग जेवणही कमी केलं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांनी प्रयत्नच सोडला तर पुढं अवघड आहे हो."

दिवसा एक मावशी त्यांना बघायच्या. सकाळी मी घाईत असायचे. डबा, चावी, घड्याळ. अण्णा डावा हात उचलून 'आ, आ' करायचे आणि मी चपला घालता घालता म्हणायचे, "समजलं, अण्णा, समजलं."

एकदा हे काकांनी जिन्यातून ऐकलं. त्यांनी मला तिथंच अडवलं. "काय समजलं?"

"काका, उशीर होतोय."

"काय समजलं ते सांग नि जा."

मला सांगता येईना. काकांनी डोळे मिटले नाहीत की निकाल दिला नाही. एवढंच म्हणाले, "मंग समजलं म्हनू नको, बाय. त्यानं समोरचा बोलायचा बंद होतो."

त्याच संध्याकाळी काका वर आले. बाईंची कार्डं हातात घेऊन उलटसुलट बघितली. "सफरचंद. नवं नाय, सहज सुचनारं हाय, आनि उपेग काय? अन्नांनी जन्मात कवा माइकवर सफरचंद म्हनलं?" मग माझ्याकडे वळले. "आवाज गेला नाय त्यांचा. भिंतीमागं गेलाय. कुटून बाहेर येल ते बगायला पायजे."

मी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, अवश्य करून बघा, रोजच्या सवयीचे शब्द कधी कधी आधी येतात.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी पाच वाजता यायला लागले. मोबाइलवर कुस्त्यांचे व्हिडिओ लावायचे, आवाज बंद करायचे आणि अण्णांच्या शेजारी बसून स्वतः निवेदन करायचे. देवा रे देवा! बोनकोड्याच्या भाषेत कोल्हापूरची कुस्ती. "हा लाल लंगोटवाला आला, त्यानं त्याला धरला, आनि ही बगा, धोबीपछाड!" पुढचा डाव, "धोबीपछाड!" कुणी पट काढला, धोबीपछाड. कुणी एकलंगी भरली, धोबीपछाड. एक पैलवान नुसता घाम पुसत होता, तिथंही काका धोबीपछाड म्हणून मोकळे झाले.

अण्णा आधी डोळे मिटून घ्यायचे. मग कपाळाला आठी पडायला लागली. मग डावा हात खाटेवर आपटायला लागले. मला काळजी वाटली, रक्तदाब वाढायचा. मी म्हणाले, "काका, निदान नावं तरी बरोबर सांगा. चिडतात ते."

"चिडू दे," काका म्हणाले. "चिडका मानूस बोलतो."

पंधरा-वीस दिवस असं चाललं. त्या दिवशी मी रजेवर होते, स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. बाहेर काकांचं रोजचं चालू होतं. पडद्यावर एका पैलवानानं दुसऱ्याच्या मानेत हात घालून त्याला कमरेवरून असा भिरकावला की तो थेट पाठीवर. हा ढाक डाव. मैदानातलं शेंबडं पोर सांगेल. आणि काका ओरडले, "धोबीपछाड!"

"ढ..."

मी शेंगा तशाच टाकून बाहेर आले. अण्णा अर्धे उठून बसले होते. मान लाल झाली होती. काका त्यांच्याकडे बघत होते आणि हातानं मला गप्प राहायची खूण करत होते.

"ढा... ढाक!" अण्णा म्हणाले. आणि श्वास घेऊन दुसरा शब्दही म्हणाले. "गा... ढवा!"

मी रडायला लागले. काका उठून खोलीभर नाचले. "नवं हाय! सहज सुचन्यासारखं नाय! उपेग तर बग, बाय, केवडा उपेग!" गाढव म्हटल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर शब्द सुटे सुटे येत राहिले. आधी डावांची नावं, मग शिव्या, मग 'चहा', मग माझं नाव. बाईंनीही आता कार्डांवर पैलवान चिकटवून आणले. पण अख्खं वाक्य काही जमत नव्हतं, आणि कुणाला काही विचारणं तर नाहीच.

एका रविवारी संध्याकाळी काकांचा डबा परत द्यायला मी खाली गेले. काका नुकतेच जेवून उठले होते. त्यांचं जेवण असं अवेळीच, भूक लागेल तेव्हा. ताटात बोंबलाचे काटे होते. ते हात धुवायला मोरीत गेले आणि माझी नजर टेबलावर गेली. तिथं कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर एक डाव, पेटंटाच्या आकृतीसारखा काढलेला, प्रत्येक भागाला आकडा दिलेला. पैलवान क्रमांक दहा, पैलवान क्रमांक बारा. मान चौदा, कोपर सोळा. बाण, तुटक रेषा. आणि खाली सुवाच्य अक्षरात नाव: ढाक. कलाजंग. एकलंगी. घिस्सा. एकही चुकलेलं नाही.

काका हात पुसत आले आणि मी बघतेय हे बघून ओशाळले.

"तुम्हाला सगळे डाव येतात?"

"चुकायचं तर बरोबर काय ते म्हायती पायजे ना," ते म्हणाले. "नायतर एकांदा चुकून बरोबर यायचा."

मी खुर्चीवर बसले. आभार मानायचे होते. मी म्हणाले, "काका, तुम्ही नसता तर..."

"ऱ्हाऊ दे." ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. पेटंटांकडे नाही, आईच्या फोटोकडे. "हिला पन असंच जालं होतं. वाचा गेली. तवा माजं दुसरं पेटंट चालू होतं. दिवसभर आवाज, आवाज. घरी आलो का ती खाटेवरून माज्याकडं बोट दाखवायची, मंग तोंडाकडं. 'आ' करायची. मी म्हनायचो, समजलं आये, पानी पायजे. पानी द्यायचो. ती मान हलवायची. परत बोट, परत तोंड. मी म्हनायचो, समजलं, समजलं, नि जाऊन कागद उघडायचो." त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. "मंग तिनं बोट दाखवायचं सोडलं. काय पायजे होतं ते मला अजून म्हायती नाय, बाय. फोनच्या दोन्ही टोकांची मानसं मी जोडली. घरातलं टोक राह्यलं."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. या माणसानं माझ्या बापाला बोलतं केलं होतं आणि त्याबद्दल माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. हे मी त्यांना सांगितलंही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि कुठलाही निकाल दिला नाही.

पाच वाजले होते. आम्ही दोघं वर आलो. अण्णा उशांना टेकून बसले होते. काकांनी खिशातून मोबाइल काढला, पण अण्णांनी डावा हात उचलून त्यांना थांबवलं. त्यांच्याकडे बोट दाखवलं. मग तेच बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं.

मी पाण्याच्या तांब्याकडे वळले होते. काकांनी माझा दंड धरला. आम्ही थांबलो. अण्णांचे ओठ जुळायचे, सुटायचे, पुन्हा जुळायचे. आम्ही थांबून राहिलो.

"जे... व... लास?"

काका खाटेच्या कडेवर बसले. 

"पानी नवतं पायजे तिला," ते म्हणाले. मला नाही, अण्णांनाही नाही.

अण्णा उत्तराची वाट बघत होते. आजारपणातला त्यांचा हा पहिला प्रश्न होता.

"नाय," म्हात्रेकाका म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "नाय जेवलो, अन्ना."

ताटातले बोंबलाचे काटे मी या डोळ्यांनी पाहिले होते. मी परातीत पीठ घेतलं आणि तिघांच्या भाकरी थापायला लागले.