डांगर पच्चडी

'द पॅरट अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स' या मद्रासच्या रॉक बँडची गाजलेली गाणी २००६ साली नव्याने स्वच्छ करून सीडीवर निघाली. या बँडचं एकही गाणं कधी गाजलं नव्हतं, ही अडचण कंपनीच्या लक्षात आली होती. पण न गाजलेल्या गाण्यांसाठी दुकानात वेगळा कप्पा नसतो, त्यामुळे ती गाजलेली आहेत असं ठरवण्यात आलं.

बँड साठच्या दशकाच्या शेवटी तीनेक वर्षं टिकला. त्यात इलेक्ट्रिक गिटार होती, चर्चमधून मागून आणलेला ऑर्गन होता, लग्नात वाजणारं नादस्वरम होतं आणि दातांत धरून वाजवायचं मोरसिंगही होतं. एखादं गाणं इंग्रजी वॉल्ट्झ म्हणून सुरू व्हायचं आणि मध्येच त्याची लग्नाची वरात व्हायची. त्या वेळी लोकांनी याला गोंधळ म्हटलं. सीडीसोबतच्या पुस्तिकेत त्यालाच 'बहुविध प्रेरणांचा संगम' म्हटलं होतं. मधल्या काळात संगीत होतं तिथेच होतं. शब्द तेवढे भारी झाले होते.

बँडमध्ये बेस गिटार वाजवणारे टी. आर. अनंतराव यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन ते पेरुंगुडीत मुलाच्या फ्लॅटवर राहत होते. मूळ घराणं तंजावरचं. घरात बोलली जाणारी मराठी इतकी जुनी होती, की महाराष्ट्रातून आलेल्यांना ती तमिळ वाटे आणि तमिळ माणसांना तेलुगू. वरच्या मजल्यावर शार्दूल नावाचा नाशिकचा मुलगा राहायचा. रोज सकाळी सॉफ्टवेअर कंपनीची बस त्याला सिरुसेरीला घेऊन जायची. एके दिवशी तो लिफ्टमध्ये शिरला तेव्हा त्याच्या टीशर्टवर चिठ्ठी उचलणारा पोपट होता. पोपट ओळखीचा होता. तो अनंतरावांनीच काढला होता.

"हा कुठला पोपट?" त्यांनी विचारलं.

"बँड होता काका एक, जुना. तुम्हाला नाही आवडायचा. जरा वेगळं म्युझिक आहे."

"मी त्यात वाजवत होतो की."

शार्दूल सभ्यपणे हसला. पोपट होणे याचा त्याच्या पिढीतला अर्थ वेगळा होता आणि आपला तो करण्याचा प्रयत्न चालू आहे, असं त्याला वाटलं असावं. पुरावा म्हणून त्याने पिशवीतून पुस्तिकाच काढून दाखवली. चौघेही सदस्य हयात नाहीत, असं तीत छापलं होतं. तिघांच्या बाबतीत ते खरं होतं. चौथ्याबद्दल लिहिलं होतं, की बेसवादक अनंत १९६९ साली रॉक सोडून 'गोल्डन रॉक'ला गेला आणि त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. पुस्तिकाकारांच्या मते गोल्डन रॉक ही जाणिवेची एक अवस्था होती; तिथे पोहोचायला काय घ्यावं लागतं, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद होते.

गोल्डन रॉक हे त्रिचीजवळचं रेल्वेचं वर्कशॉप आहे. अनंतरावांची तिथे बदली झाली होती. नंतरची अनेक वर्षं त्यांना तिथे पुष्कळांनी पाहिलं. पगाराच्या दिवशी तर रांग लावून पाहिलं.

आपण मेलो आहोत याचं त्यांना फारसं वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटचं गाणं आहे का यात?"

शेवटचं गाणं स्टुडिओत झालं नव्हतं. स्टुडिओची वेळ संपल्यामुळे चौघांनी ते अनंतरावांच्या ट्रिप्लिकेनच्या भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत उसन्या टेप रेकॉर्डरवर केलं होतं. गाणं संपता संपता स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीची, हेमलताबाईंची हाक आली आणि ती टेपवर गेली. पुन्हा गायचा कंटाळा, म्हणून ती तशीच रेकॉर्डवर छापली गेली. हेमलताबाई जाऊन आता पाच वर्षं झाली होती. फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र त्या एका जागी होता. घरातली रेकॉर्ड त्रिचीच्या उन्हात वाकडी झाली, तेव्हा बाईंनी ती चुलीवर धरून तिचा वाडगा केला आणि त्यात मोहरी भरली. वाडगा अजून होता. मोहरीही होती.

शार्दूलच्या खोलीत अनंतरावांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. स्वच्छता वाखाणण्यासारखी होती. आपलं बेस कुठे चुकलं होतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी प्रथमच कळलं. शेवटी मात्र हाक आली नाही. त्याऐवजी दूरच्या गुहेतून यावेत तसे दोन शब्द तीनदा घुमले, आणि ते कुठल्याच बाईचे नव्हते.

"डोंगर पंछी," शार्दूल डोळे मिटून म्हणाला. "काय विचार आहे ना काका. एकटा पक्षी, डोंगरावर."

अनंतराव दुसऱ्याच दिवशी टी. नगरला गेले. कंपनीचं ऑफिस साड्यांच्या दुकानाच्या वर होतं. वारसा विभागाचे प्रमुख कौशिक यांनी त्यांना फिल्टर कॉफी दिली आणि तमिळमध्ये अत्यंत आदराने समजावलं, की मूळ टेपवर नको असलेले आवाज फार होते. पातेल्याचा होता, कावळ्याचा होता, एका बाईचाही होता. त्यातले दोन शब्द बऱ्या अवस्थेत होते, तेवढे वाचवून त्यांना खोली दिली. खोली म्हणजे घुमवणं. मूळ टेप थंड कपाटात सुरक्षित होती. ऐकली की ती झिजते, म्हणून ती कोणालाही ऐकवायची नाही असं धोरण होतं. धोरणात बँडच्या सदस्यांसाठी अपवाद होता. सदस्य हयात नसल्यामुळे तो अपवाद ठेवणं सोयीचं गेलं होतं.

पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात. त्याची प्रत अनंतरावांनी सोबत नेली होती. कौशिकनी ती दोन्ही बाजूंनी वाचली.

"सार, यावरून तुम्ही जिवंत आहात एवढं कळतं," ते म्हणाले. "कोण म्हणून जिवंत आहात, ते यात नाही."

हिशेब खात्यात जन्म काढलेल्या अनंतरावांनी दाखल्याची घडी घातली. असा शेरा त्यांनी स्वतः पूर्वी कितीतरी कागदांवर मारला होता.

तरी मार्ग होता. रसिकांची मागणी आली, तर कंपनी मूळ टेप जशीच्या तशी बाजारात आणू शकत होती. रसिक संघटित होते. शहरातल्या मराठी तरुणांनी स्थापलेलं पोपट अभ्यास मंडळ हे बँडचं एकमेव अधिकृत चाहता मंडळ होतं, कारण बँडचे सगळ्यात गाजलेले दोन शब्द मराठी होते.

मंडळाच्या अध्यक्षा अलकनंदाताई पुण्याहून बदलून आलेल्या बँक अधिकाऱ्याच्या पत्नी. 'डोंगर पंछी: एकाकीपणाची उंची' हा त्यांचा दीर्घ लेख सभासदांना वाचणं बंधनकारक होतं. पंछी हा शब्द हिंदी आहे, अशी शंका एका सभासदाने पूर्वी काढली होती. त्यावर ताईंनी तो राष्ट्रीय एकात्मतेचा पुरावा असल्याचा निर्णय दिला होता. त्या आवाजाविषयीही संशोधन झालं होतं. "आमच्या घरांतल्यांचा आवाज तो," असं अनंतरावांनी शार्दूलला सांगितलं होतं. तंजावरी माणूस बायकोचा उल्लेख असाच करतो. शार्दूलने मंडळाला कळवलं, की ट्रिप्लिकेनच्या घराच्या आतून, म्हणजे साक्षात वास्तूतूनच तो आवाज आला होता. वास्तूवर उपसमिती नेमली गेली.

सभेत अनंतराव उभे राहिले. "ते डोंगर पंछी नव्हे," ते म्हणाले. "डांगर पच्चडी. उडदाचं पीठ, दही, वर मोहरीची फोडणी. जेवायला बोलावतात ते."

 मग अलकनंदाताई आईच्या मायेने म्हणाल्या, "काका, तुमचं मराठी गोड आहे हो. पण डांगर म्हणजे लाल भोपळा."

मागून कोणीतरी म्हणालं, की छे, डांगर म्हणजे पापडाचं लाटायच्या आधीचं पीठ. यावर भोपळेवाले आणि पापडवाले असे दोन तट पडले. आपापल्या आज्यांचे दाखले देण्यात आले, आणि एका आजीबद्दल जे बोललं गेलं ते मागे घेण्याची मागणी झाली. अखेर दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर एकमत झालं: डांगर काहीही असो, ते गाण्यात येऊ शकत नाही. विषय मताला टाकण्यात आला. मराठी शब्दाचा प्रश्न असल्यामुळे मतदानाचा हक्क मराठी माणसांनाच होता. नावाआधी टी. आर. अशी अक्षरं लावणाऱ्या अनंतरावांना निरीक्षक म्हणून बसण्याची परवानगी मिळाली.

शार्दूल मनाने वाईट नव्हता. परत येताना ऑटोत तो हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला ती टेप ऐकायचीय ना? मग वाद कशाला घालता? डोंगर पंछी आहे असं लिहून द्या. जुना माणूस म्हणतोय म्हटल्यावर मंडळ उद्या मागणी करेल."

"आणि डांगर पच्चडी?"

"ती घरी करा ना. कोण नको म्हणतंय?"

 नोकरीच्या साऱ्या काळात अनंतरावांनी चुकीच्या बेरजेखाली सही केली नव्हती. त्यापायीच त्यांची गोल्डन रॉकला बदली झाली होती. शिवाय हेमलताबाईंचा पक्ष्यांशी संबंध म्हणजे गॅलरीतल्या कावळ्याशी रोजचं भांडण. डोंगर त्यांनी तिरुपतीला पाहिला होता, तोही बसमधून, ओकारी येईल म्हणून डोळे मिटून. पण खरा शब्द धरून ठेवला तर आवाज कपाटात राहत होता, आणि आवाज हवा तर शब्द सोडावा लागत होता.

"सरि," ते तमिळमधून हो म्हणाले. "आण कागद."

त्यांनी सही केली. सहीखाली 'ज्येष्ठ अभ्यासक' असं टाइप केलेलं होतं. ते ज्याचे अभ्यासक होते, तो माणूस मृत म्हणून कायम राहिला.

पुढच्या वर्षी 'अस्सल आवृत्ती, मूळ खरखरीसह' जाहीर झाली. प्रत्यक्षात टेपवर खरखर फार कमी निघाली. ग्राहकांची निराशा होऊ नये म्हणून कंपनीने दुसऱ्या एका जुन्या रेकॉर्डची खरखर आणून मिसळली. प्रकाशनाचा समारंभ टी. नगरच्या एका हॉलमध्ये झाला. अनंतरावांना स्टेजवर उजवीकडून शेवटची खुर्ची दिली होती. आधी कंपनीचे साहेब बोलले, वास्तू उपसमितीचे निमंत्रक बोलले, अलकनंदाताई दोनदा बोलल्या. जेवणाची वेळ टळून गेली. मग दिवे मंद झाले आणि गाणं लागलं.

नादस्वरम थांबलं. ऑर्गनने शेवटचा सूर धरला. पातेलं वाजलं, कावळा ओरडला, आणि हॉलच्या सहाही स्पीकरमधून हेमलताबाई बोलल्या. वाक्य आधीच्या सीडीवर घुमलं होतं त्याहून मोठं होतं. अनंतरावांनाही त्याचा उरलेला भाग आठवत नव्हता.

"डांगर पच्चडी झाली. आता पुरे की हे. या."

त्या बँडवर तेवढीच एक प्रामाणिक टीका झाली होती. सबंध हॉल मराठी माणसांनी भरलेला होता आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पहिल्या रांगेत शार्दूलने क्षणभर डोळे उघडले. नाशिकला त्याची आई याच सुरात त्याला कॉम्प्युटरवरून उठवायची. पण आजूबाजूला कोणाचेच डोळे उघडे दिसले नाहीत, म्हणून त्यानेही मिटून घेतले.

"आलो," अनंतराव म्हणाले.

मागच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावं इतक्या मोठ्याने ते म्हणाले. हॉलमधून दोनतीन ठिकाणांहून शूऽ असा आवाज आला. अलकनंदाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. अनंतराव उठले, खुर्ची नीट मागे सारली आणि बाजूच्या पायऱ्यांनी उतरून गेले. ज्येष्ठ अभ्यासकांना पुरेशी अभिरुची नसल्याची नोंद मंडळाच्या पुढच्या सभेत झाली. त्या दिवशी पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये मोहरीचा वाडगा खाली काढला गेला, पण याची नोंद कुठेच नाही.

समारंभाचं ध्वनिमुद्रण झालं होतं. रीतसर स्वच्छ होऊन त्याचीही सीडी निघाली आणि ती मात्र खरोखर गाजली. आपल्याकडेही असेल. मोठ्या आवाजात लावून पाहा. त्या 'या'नंतर काही क्षण निखळ शांतता आहे, कुठे खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही, माणूस नाही. जाणकारांनी या शांततेची फार तारीफ केली. डोळे मिटून आपणही केली होती.