कार्डाचा नंबर विचारणारे साडू

माझे साडू दिगंबरराव कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी लॅपटॉप मागतात. "वायफायचं कार्ड कुठलं हाय?" तब्येतपाण्याची चौकशी त्यानंतर.

वाळूजला कारखान्यात ते मशिनी सांभाळतात. हा नाद सुट्टीचा. कार्डावर, खोक्यावर छापलेल्या नावावर त्यांचा विश्वास नाही. संगणक आतून कार्डाला विचारतो, तू कोण? कार्ड दोन नंबर सांगतं, एक कंपनीचा, एक मॉडेलचा. त्यावरून संगणक त्याला चालवणारा ड्रायव्हर शोधतो. हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत, जिलेबी थांबवून समजावलंय. "खोक्यावर काय बी छापा. खरं काय ते नंबरात."

मी त्यांच्यावर जळतो, हे सांगून टाकतो. वैजापूरच्या आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, त्यांचं भारी कौतुक. मामांच्या जुन्या संगणकाला वायफाय नव्हतं. दिवाळीला मी यूएसबीला लावायचं वायफाय घेऊन गेलो, चांगलं मिरवत. लावलं, तर संगणक त्याला ओळखेचना. बरीच काढघाल केली. शेवटी मामा म्हणाले, दिगंबररावांना बोलवा. माझी बायको म्हणाली, दाजींनाच बोलवा. तो 'च' मला अजून टोचतो.

साडू बसने आले. नंबर बघून हसले. खोकं एका कंपनीचं, आतली चिप भलत्याच कंपनीची. त्या चिपचा ड्रायव्हर मोबाइलवरून उतरवून त्यांनी संगणकात टाकला आणि वायफाय सुरू. मामांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. आणलं मी, नाव त्यांचं झालं.

संभाजीनगरला परतताना बायको माहेरीच राहिली आणि साडू माझ्या गाडीत आले. वैजापूर मागे पडलं. मग म्हणाले, "तुम्ही मामांशी तासन्‌तास काय बोलता हो?"

मी म्हटलं, विशेष काही नाही. कांद्याचा भाव, कुणाचं लग्न जमलं, असंच.

"मला नाय जमत. मला त्यांचा फोन येतो तो काय तरी बंद पडल्यावर. तुम्हाला अंगणात खुर्ची टाकतात. माझा चहा येतो तो टेबलावर, स्क्रूड्रायव्हरशेजारी." मग ते म्हणाले, "लई जळतो मी तुमच्यावर."

लासूरला हॉटेल दिसलं तशी गाडी बाजूला घेतली. चहा संपला तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.