भिवराबाईची लवचीक आठवण

एका जंगलात, बाळांनो, पाण्यापेक्षा परिषदा जास्त भरायच्या. आज अजगरांची मिताहार परिषद, तर उद्या घुबडांचं सूर्यप्रकाशावर चर्चासत्र. पाणी मात्र उन्हाळ्यात जेमतेम असायचं, आणि एखाद्या वर्षी तर तेवढंही नसायचं.

अशा वर्षी जायचं कुठे, हे जंगलात एकाच बाईला ठाऊक होतं. तिचं नाव भिवराबाई. हत्तीण. वयाने सगळ्यांत थोरली, कानांच्या कडा फाटलेल्या, चालताना गुडघे कुरकुरायचे. पण डोंगरापलीकडे कधीही न आटणारा एक झरा होता आणि त्याची वाट तिच्या डोक्यात होती. मागचा मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती आईचं शेपूट सोंडेत धरून त्या वाटेने गेली होती. त्या वेळचं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं.

हत्तींची एक रीत होती. झऱ्याची वाट तोंडाने बोलायची नाही. वेळ आली की थोरलीने पुढे व्हायचं आणि बाकीच्यांनी मागून चालायचं. का बोलायची नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. तुम्ही असतात तर विचारून विचारून जीव खाल्ला असतात, मला माहीत आहे.

तर एके दिवशी भिवराबाईकडे डॉक्टर साळिंदर आले. हे स्मृतिकेंद्र संशोधन संस्थेचे संचालक. अंगावर काटे, नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. सोबत त्यांची सहायक, हुप्पेबाई माकडीण. सर काय म्हणतात ते पुरतं ऐकायच्या आधीच मान डोलवायची, एवढं एकच काम तिला उत्तम जमायचं.

"भिवराबाई," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मेंदूत एक स्मृतिकेंद्र आहे."

"अगं बाई!" भिवराबाई म्हणाली. "कधीपासून?"

"जन्मापासून. तिथे पेशी असतात आणि पेशीपेशींमध्ये सांधे असतात. ज्या सांध्यावरून निरोप वारंवार जातो, तो सांधा पक्का होतो. ज्याच्यावरून जात नाही, तो ढिला पडतो. यालाच लवचिकता म्हणतात. तुमच्यासारखं स्मृतिकेंद्र अख्ख्या जंगलात नाही. ते आम्हाला अभ्यासायचं आहे."

आता खरं सांगते, भिवराबाई जरा फुगली. इतकी वर्षं तिच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, मेंदूची कुणी केली नव्हती. ती लगेच हो म्हणाली.

तिची मुलगी सगुणा तेव्हा गाभण होती. ती म्हणाली, "आई, वाट बोलायची नसते ना गं?"

"अगं, मी कुठे गावभर सांगत सुटलेय?" भिवराबाई म्हणाली. "हे शास्त्र आहे."

डॉक्टरांनी आपल्याच पाठीवरचे काटे उपटून भिवराबाईच्या कपाळावर टोचले. आतली हालचाल म्हणे त्यातून कळते. भिवराबाईला दुखलं, तरी तिने कपाळ पुढेच धरलं. मग हुप्पेबाई समोर ऊस घेऊन बसली आणि म्हणाली, "हं, सांगा. झऱ्याकडे कसं जायचं?"

भिवराबाईने डोळे मिटले. आईचं शेपूट आठवलं, तापलेली माती आठवली. "सुकी नदी ओलांडायची. मग माळ. मग एक पांढरा खडक येतो. तिथून डावीकडे, करवंदाच्या जाळ्यांमधून खाली..."

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला खडकापर्यंतच हवं आहे. पुढचं आमच्या विषयात बसत नाही."

आता या डॉक्टरांचा सिद्धांत ऐका. कुठलीही आठवण बाहेर काढली की काही काळ ओल्या चिखलासारखी मऊ होते. तेवढ्यात तिला बोट लावलं, तर ती बोटाच्या आकाराचीच वाळते. हे सिद्ध करायचं तर एखादी पक्की आठवण घेऊन बिघडवून दाखवायला हवी. जंगलात पक्क्या आठवणी हजार होत्या. चिचुंद्रीला आपलं बीळ आठवत होतं, मोराला आपला नाच. पण डॉक्टरांना सगळ्यांत पक्की हवी होती. शहाण्या माणसाने झऱ्याची वाट सोडून दुसरं काहीही निवडलं असतं. म्हणून तर शहाण्या माणसांना संस्थेचे संचालक करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई पुन्हा म्हणाली, "पांढऱ्या खडकापासून डावीकडे."

हुप्पेबाईने डोकं खाजवलं. "डावीकडे? पण काल तुम्ही उजवीकडे म्हणालात."

"मी? छे!"

"असू दे, असू दे. वय झालं की व्हायचंच," हुप्पेबाई म्हणाली आणि तिने डॉक्टरांकडे असं काही पाहिलं की भिवराबाईने उसाकडे नेलेली सोंड मागे घेतली.

थोरलीला विसर पडतोय असं एकदा कळपात पसरलं, तर तिच्या मागून चालणार कोण? भिवराबाईला त्या दिवशी पाला गोड लागला नाही. पुढच्या खेपेला ती खडकापर्यंत सांगून अडली. त्याच्या पुढच्या खेपेला ती चाचरत म्हणाली, "उजवीकडे... असेल." हुप्पेबाईने लगेच ऊस पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "वा! काय स्मरणशक्ती!"

असं रोज चाललं. रोज आठवायचं, रोज उजवीकडे वळायचं, रोज ऊस खायचा. हळूहळू तिला उजवीकडची वाट दिसायलाही लागली. तिथले दगड दिसले, सावली दिसली. आई पुढे चाललेली दिसली, तीही उजवीकडेच.

पावसाळ्यानंतर मोठी परिषद भरली. डॉक्टरांनी शोध वाचून दाखवला. वाट कुणाची आणि कशाची, हे त्यात नव्हतं. 'एका वयस्क प्राण्याची एक आठवण' एवढंच होतं. मोरांनी पिसारे फुलवले, कोल्ह्यांनी आरोळ्या दिल्या, डॉक्टरांच्या गळ्यात रानफुलांची माळ पडली. भिवराबाईलाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिच्याविषयी काय सिद्ध झालंय, हे तिला कुणी सांगितलं नाही. ती इतरांबरोबर सोंड उंचावून आनंद व्यक्त करत होती.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही.

डबकी आटली, नदी आटली, नदीतली वाळूही उकरून झाली. सगुणा व्याली होती. पिल्लू लहान, पायांत घुटमळणारं. सगुणाचं दूध कमी होत चाललं होतं आणि पिल्लू आईच्या अंगाला तोंड लावून कोरडंच चोखत राहायचं. ते पाहून भिवराबाई उठली. "चला," म्हणाली.

तिच्यामागे कळप निघाला. कळपामागे सांबरं, रानडुकरं, ससे. आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टर साळिंदर आणि हुप्पेबाई. तहान त्यांनाही लागते हो.

सुकी नदी झाली. माळ झाला. पांढरा खडक आला.

भिवराबाई खडकापाशी पोहोचली आणि तिचा पुढचा पाय आपोआप डावीकडे वळला.

ती थांबली. तिने पायाकडे पाहिलं.

"आई, डावीकडे आहे का?" सगुणाने विचारलं. "पाय तिकडे वळला तुझा."

"पायाला काय कळतंय?" भिवराबाई रागावून म्हणाली. "आठवण डोक्यात असते. संस्थेने तपासून पाहिलीय माझी." आणि पाय ओढून घेऊन ती उजवीकडे चालायला लागली.

मागे हुप्पेबाईने डॉक्टरांना ढोसलं. "सर, सर! डावीकडे होतं ना? सांगायचं का?"

डॉक्टरांच्या जिभेला कोरड पडली होती. पण डोळे कसे चमकत होते! "खबरदार!" ते कुजबुजले. "प्रयोगशाळेबाहेर, ऐन तहानेत, आपला निष्कर्ष टिकतोय. अशी संधी पुन्हा मिळेल? मध्ये बोललीस तर सगळं निरीक्षण वाया जाईल."

हुप्पेबाईने मान डोलावली.

दिवस कलेपर्यंत सगळे चालले. वाट संपली ती एका घळीत. कोरडी ठणठणीत घळ, बाळांनो. नुसते तापलेले दगड. भिवराबाईने सोंडेने एकेक दगड उलटून पाहिला.

तेव्हा कुठे डॉक्टर पुढे आले. आधी त्यांनी घसा साफ केला, मग त्या घळीतच भाषण केलं. आठवण उजवीकडे कशी वळवली, ऊस का दिला, सगळं सांगितलं. "तेव्हा भिवराबाई," ते शेवटी म्हणाले, "निरीक्षण पूर्ण झालेलं आहे. आता आपण डावीकडे जाऊ या. चला, दाखवा."

भिवराबाईने सोंडेतला दगड खाली टाकला. मग म्हणाली, "डावीकडे काही नाही."

"आहे हो! तुम्हीच सांगितलं होतंत!"

"मी? छे!" भिवराबाई म्हणाली. "मला लख्ख आठवतंय. आई इथेच घेऊन आली होती मला. हीच घळ. झरा आटलाय, एवढंच."

"अहो बाई, ती आठवण आम्ही घातलीय तुमच्या डोक्यात!"

"डॉक्टरसाहेब, माझ्यासारखी स्मरणशक्ती जंगलात नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग आता वाद कशाला घालता?"

कळपाने माना हलवल्या. थोरली म्हणते ते खरं. सगुणा मात्र डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही दाखवा," ती म्हणाली. "डावीकडे वळल्यावर पुढे कसं जायचं? सांगा, मी पिल्लाला उचलून नेते. सांगा ना!"

 खडकाच्या आणि करवंदाच्या जाळ्यांच्या पुढचं डॉक्टरांनी ऐकूनच घेतलं नव्हतं. ते त्यांच्या विषयात बसत नव्हतं.

सगुणा एकटीच खडकाकडे परत निघाली, पिल्लाला सोंडेने ढकलत. थोडं चाललं बिचारं. मग खाली बसलं. सगुणाने त्याला उठवायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! ते उठलं नाही. भिवराबाई तिथे आली, नातवाच्या अंगावरून सोंड फिरवत राहिली, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मला नीट आठवतंय गं. मला सगळं नीट आठवतंय."

तात्पर्य : ज्ञानाच्या वाटेत पिल्लांनी तहान घेऊन आडवं येऊ नये.